‘रिडंडंट’ सेन्सरला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा: औद्योगिक आगसूचक यंत्रणेच्या माहितीपुस्तिकेत ‘रिडंडंट ऑप्टिकल सेन्सर’ (ऑप्टिकल म्हणजे ज्योतीचा प्रकाश ओळखणारा) असे आहे. शब्दकोशात ‘अनावश्यक’, ‘व्यर्थ’ असे अर्थ मिळतात. मग मराठीत काय लिहावे?

‘अनावश्यक’ मुळीच नको. देखभालीच्या माणसाने ते वाचले आणि सेन्सर काढून ठेवला, तर चूक भाषांतराची ठरेल. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ ‘भरून वाहणे’. लेखनात असा भरणा दोष मानला जातो; सुरक्षा यंत्रणेत तो मुद्दाम केलेला असतो.

‘राखीव’ चटकन सुचतो, पण राखीव वस्तू वेळ येईपर्यंत बाजूला पडून असते. हे सेन्सर तर सगळेच एका वेळी एकाच जागेवर नजर ठेवून असतात. नेहमीची रचना ‘तीनपैकी दोन’ अशी: दोघांना ज्योत दिसली तरच आग विझवणारी यंत्रणा सुटते. त्यामुळे एक सेन्सर बंद पडला तरी आग नजरेतून निसटत नाही, आणि एकट्याच्या खोट्या इशाऱ्याने काम थांबत नाही.

‘पूरक’ हा शब्द मात्र वेगळ्या गोष्टीसाठी जपून ठेवावा. अतिनील (अल्ट्राव्हायोलेट) प्रकाश टिपणारा सेन्सर वेल्डिंगच्या प्रकाशाने फसतो, भिंगावर तेलाचा थर बसला की त्याला दिसेनासे होते. अवरक्त (इन्फ्रारेड) सेन्सर बहुधा तापलेल्या कार्बन डायऑक्साइडचा 4.3 मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा पट्टा शोधतो. हायड्रोजनच्या ज्योतीत कार्बनच नसल्याने ती त्याच्या नजरेतून सुटते. असे दोन प्रकार एकत्र लावले, तर ते एकमेकांना पूरक. एकाच जातीचे तीन अतिनील सेन्सर तेलकट वाफेत तिन्ही एकदम आंधळे होऊ शकतात. हा फरक मराठीत पुसला जाऊ नये.

‘समांतर’ चांगला वाटतो, पण विजेच्या जोडणीत त्याला ठरलेला अर्थ आहे.

माझा कौल ‘जादा’ला. जादा गाडी आगारात उभी नसते, इतर गाड्यांबरोबर धावते. तसाच हा सेन्सर. पहिल्या उल्लेखात ‘एकाच जागेवर नजर ठेवणारे जादा (रिडंडंट) सेन्सर’ असे लिहावे, कारण तंत्रज्ञांच्या तोंडी ‘रिडंडंट’च असते. पुढे नुसते ‘जादा सेन्सर’ पुरे. फक्त ‘तीन जादा सेन्सर’ लिहू नका: एकूण तीन की एकावर तीन, हे कळत नाही. तिथे सरळ ‘एकूण तीन सेन्सर, त्यांपैकी दोघांचा इशारा आवश्यक’ असे लिहा.