29 वर्षांच्या दिराला स्वतःचं स्वतः करायला शिकवता येईल का? नागपूरला संस्थेत ठेवावं का?

ताई, तुम्ही लिहिलंय की भाऊजी 29 चे आहेत, बौद्धिक अक्षमता आहे, आंघोळीपासून जेवणापर्यंत सगळं सासूबाई करतात आणि आता त्यांचे गुडघे गेलेत. या वयात शिकतील का? शिकतील. नागपूरला ठेवायचं का, याचं उत्तर आमच्या दादावरून देतो, कारण आम्ही आधी तेच केलं होतं.

आमचं गाव आर्वी तालुक्यात. कोरडवाहू शेती, पऱ्हाटी अन् तूर. दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा, अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावर 75 टक्के लिहिलेले. बाबा गेले तेव्हा तो तिशीचा होता आणि तोवर माय त्याच्या गुंड्या लावून द्यायची, पोळी कुस्करून वरणात कालवून द्यायची. त्याला जमतं की नाही हे आम्ही कधी पाहिलंच नव्हतं.

बाबांचं वर्षश्राद्ध झाल्यावर त्याला शहरातल्या एका निवासी केंद्रात सहा महिने ठेवलं. नाव लिहीत नाही, माणसं चांगली होती. तिथे तो गॅसवर चहा करायला शिकला, एकट्यानं आंघोळ करायला लागला. घरी आला आणि सगळं पुसलं गेलं. तिथला गॅस बटण फिरवलं की पेटायचा, आमच्याकडे लायटर, तोही चारदा खटखट केल्यावर ऐकणारा. तिथे नळाखाली आंघोळ, इथे चुलीवरच्या गंजातलं, म्हणजे पातेल्यातलं, पाणी बादलीत ओतून विसण घालायचं. आपण एक गॅस शिकलो की दुसरा कळतोच. दादाला ती दोन वेगळी कामं होती. मी मात्र वर्षभर केंद्राला शिव्या घातल्या. पुढे एका विशेष शिक्षिकेनं समजावलं की अशा माणसाला जिथे आयुष्य काढायचं आहे तिथेच, त्याच भांड्यांवर शिकवावं लागतं.

मग आम्ही घरी सुरुवात केली. तिनंच सांगितलं, आंघोळ म्हणजे एक काम समजू नका, कागदावर लिहा. लिहिलं तर आमच्या न्हाणीतली आंघोळ 17 कामांची निघाली. त्यातलं शेवटचं आधी शिकवायचं. सोळा कामं मी करायचो आणि ओला टॉवेल दोरीवर टाकायचं काम त्याचं. ते बसलं की अंग पुसणं आणि टॉवेल टाकणं. असं मागे मागे सरकत बादलीपर्यंत यायचं. उलटं वाटतं, पण यात रोज काम पुरं होतं ते त्याच्या हातानं. पहिल्या पायरीपासून शिकवायला गेलं की माणूस मध्येच अडतो, आपल्याला शेतावर जायची घाई असते आणि आपण तांब्या हिसकून घेतो. दादाला पूर्ण आंघोळ यायला चार महिने लागले. पाठ अजूनही नीट घासली जात नाही. माझीही जात नाही.

हात कसा सोडायचा तेही ऐका. आधी त्याच्या हातावर आपला हात, मग नुसता कोपराला स्पर्श, मग बोटानं दाखवणं, मग दारात उभं राहणं. आणि तोंड बंद. मी इथेच चुकलो. "हं, आता साबण. हं, आता पाणी," असं म्हणत राहिलो. परिणाम असा की दादा अंगाला साबण लावून माझ्या "हं"ची वाट पाहत बसायचा, मी नसलो तर फेस वाळेपर्यंत. ती सवय मोडायला मूळ कामापेक्षा जास्त दिवस गेले.

न्हाणीचं दार लावून घेणं हे त्या 17 मधलं पहिलं काम आहे, ते गाळू नका. ज्याला लहानपणापासून कुणीही उघडं करून धुतलंय, त्याला कोणाला नाही म्हणायचं हे कळत नाही, आणि अशांचा गैरफायदा घेणारे ओळखीतलेच असतात. दुसरं, सासूबाईंनंतर दिराला आंघोळ घालायचं आपल्यावर येईल ही धास्ती तुम्ही लिहिली नाही, पण मला जाणवली. त्यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही. म्हणूनच सुरुवात आंघोळीपासून करा आणि शिकवायला तुमच्या यजमानांना बसवा.

सासूबाईंचं म्हणाल तर आमच्या मायचं सांगतो. "काहून तरास देतं रे त्याले? मी आहो ना!" हे रोज. चहा शिकवायला घेतला तेव्हा, "हात जयन त्याचा!" वाद घालून उपयोग झाला नाही. संध्याकाळी ती गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेला जायची, तेवढ्या वेळात आम्ही चहा करायचो. गॅसच्या बटणावर किती फिरवायचं तिथे लाल नेलपॉलिशचा ठिपका, पाण्यासाठी एकच ठरलेला कप, साखरेच्या डब्यात एकच चमचा. एकदा बोट भाजलं, फोड आला, आठ दिवस मला टोमणे. पण दुसऱ्या दिवशीही दादालाच चहा करू दिला. पुढे माय प्रार्थनेहून आली की तिला आयता चहा मिळायला लागला आणि विरोध आपोआप मावळला. साखर जास्तच असते, ती गपचूप पिते.

एक गोष्ट मात्र आधी तपासा: भाऊजींना मिरगी आहे का? बौद्धिक अक्षमतेसोबत ती बऱ्याच जणांना असते. फिट येत असेल तर एकट्यानं विहिरीवर, नाल्यावर जाणं नाही, चुलीजवळ एकटं बसणं नाही, आणि गोळ्या डॉक्टरांना न विचारता कधीच बंद करायच्या नाहीत. दादाच्या गोळ्या आम्ही वाराच्या खणांच्या डबीत भरतो. रविवारी मी भरतो, रोज तो काढतो. खण रिकामा दिसला की मी काही विचारत नाही.

पैशाचं शिकवायला मी दोन वर्षं वाया घालवली. दादाला बेरीज येत नाही, येणारही नाही. मग लिफाफे केले. साबणाचं वेष्टण कापून लिफाफ्यावर चिकटवायचं आणि आत साबणापुरते पैसे. चहापत्तीचा वेगळा, आलुबोंड्याचा वेगळा. आठवडी बाजारात तो लिफाफा पुढे करतो, दुकानदार काय ते समजतो. भाव वाढला की घोटाळा होतो, आणि हल्ली दुकानदार म्हणतात "फोन पे करा", तेव्हा दादा सरळ घरी निघून येतो.

एसटीचं शिकवणं मला सगळ्यात आवडलं. यूडीआयडी कार्ड, म्हणजे सरकारी दिव्यांग ओळखपत्र, असलं की तिकिटात 75 टक्के सवलत मिळते, म्हणून सराव परवडला. आधी शेजारी बसून, मग तीन सीट मागे, मग मोटरसायकलनं बसच्या मागे. उतरायची खूण म्हणजे नाल्यावरचा पूल आणि त्यानंतरचं कडुलिंबाचं झाड. एकदा त्याला झोप लागली आणि तो थेट आर्वीच्या स्टँडवर. खिशात नंबर लिहिलेलं कार्ड होतं, चहावाल्यानं फोन केला. मी पोहोचलो तर हा बाकावर बसून बिस्किट खातोय. मायनं महिनाभर बस बंद केली. नंतर पुन्हा सुरू केली, या वेळी त्याला खिडकीकडेच बसायचं शिकवलं. हा महिना तुमच्याही घरी येईल. त्यानंतर बस पुन्हा सुरू होते का, सगळं तिथे ठरतं.

कामाचं थोडं कडू आहे. दादा कापूस छान वेचतो. गावातल्या एका शेतकऱ्यानं त्याच्याकडून दोन दिवस वेचणी करून घेतली आणि बाकीच्या बायांना किलोवर मजुरी, दादाला चहा-चिवडा. "त्याले पैशाचं काय समजते?" मी भांडून पैसे आणले आणि माझ्याच खिशात ठेवले. तीन वर्षं त्याची मजुरी माझ्याच खिशात राहिली, तेव्हा भांडलो कशासाठी देव जाणे. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा सांगतो की मालमत्ता बाळगण्याचा आणि आपले आर्थिक व्यवहार सांभाळण्याचा हक्क दिव्यांग माणसालाही इतरांसारखाच आहे. आता खातं त्याच्या नावावर आहे आणि पहिल्या पैशातून त्यानं बॅटरी घेतली. घरात तीन बॅटऱ्या असताना.

कागदपत्रं थोडक्यात. यूडीआयडी नसेल तर आधी ते काढा. 18 पूर्ण झाल्यावर आई-वडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बहुविकलांगता असेल तर 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती पालक नेमते. त्याच न्यासाची निरामय आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंत. आणि ग्रामपंचायतीनं स्वउत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. ग्रामसभेत हात वर करून विचारा. आमच्या न्हाणीतला धरायचा दांडा त्यातूनच बसला.

संस्था वाईट असतात असं मी म्हणत नाही. वरोऱ्याजवळच्या आनंदवनाच्या संधिनिकेतनात दिव्यांगांना हातचं काम शिकवतात. घरात कुणीच उरलं नसेल तर गोष्ट वेगळी, आणि तिथे आपल्याकडे मोठी पोकळी आहे. अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरला अनाथ दिव्यांग मुलांचं बालगृह चालवणारे शंकरबाबा पापळकर, ज्यांना 2024 मध्ये पद्मश्री मिळाली, ते कितीतरी वर्षांपासून सांगताहेत की अनाथ दिव्यांगांना 18 झाल्यावर बालगृहाबाहेर काढू नका. पण भाऊजींना घर आहे, भाऊ-वहिनी आहेत. नागपूरला पाठवायचंच असेल तर एखादा धंदा शिकायला पाठवा, आंघोळ शिकायला नको.

यजमानांना सांगा, या रविवारी आंघोळीची कामं कागदावर लिहून काढा. तुमच्या न्हाणीत कदाचित 14 निघतील, कदाचित 20. आणि मला दोन गोष्टी कळवा: फिट येते का, आणि कोणी न सांगता भाऊजी दिवसभरात स्वतःहून काय करतात, मग ते बकरीला पाला टाकणं का असेना. त्यावरून दुसरं काम कोणतं घ्यायचं ते सांगतो.