शनिवारी फोन का उचलत नाही?

प्रश्न : माझा मुलगा गेल्या ऑगस्टपासून मिनेसोटातल्या एका छोट्या कॉलेजात शिकतोय. आठवडाभर दुकानाची गडबड असते, म्हणून आम्ही शनिवारी रात्री साडेनऊला फोन करतो. सप्टेंबरपासून हा शनिवारी फोनच उचलत नाही. विचारलं तर ‘अगं, गेम डे आहे’ म्हणतो. स्वतः खेळत नाही, टीम टीव्हीवरही दिसत नाही. परवा एक फोटो पाठवलाय, तो सोबत जोडते. हा उघडाबंब, छातीवर लाल रंगात इंग्रजी ‘एन’ काढलेला, शेजारी असलीच सात मुलं. आम्ही कर्ज काढून पाठवलंय हो. काळजी करावी का?
– एक आई, नाशिक

ताई, आधी माफी मागते, कारण फोटो पाहून मी आणि माझा नवरा दोघंही हसलो. कॉलेजचं नाव तुम्ही लिहिलं नाहीत, पण आठ मुलं, आठ अक्षरं, मधे दोन ‘एन’ आणि मागच्या उतारावर पाइनची झाडं. हे कॉलेजव्हिलचं सेंट जॉन्स. माझ्या घरापासून गाडीने वीसेक मिनिटं. अक्षरं जुळवली की ‘जॉनीज’ होतं, तिथल्या पोरांना सगळे तेच म्हणतात. तुमच्या चिरंजिवांच्या शेजारी ‘आय’ उभा आहे, म्हणजे हे दुसरे ‘एन’. मानाचं पान नव्हे, पण त्याच्याशिवाय नाव पुरं होत नाही.

फोनचं गणित सोपं आहे. तुमचे रात्रीचे साडेनऊ म्हणजे इथले सकाळचे अकरा. सामना असतो दुपारी एकला, अमेरिकन फुटबॉलचा, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळतात तो. अकराला पोरगा रंग वाळवत उभा असणार, फोन धरायला हात कुठला मोकळा? रविवारी सकाळी आठला लावा. इथे तेव्हा शनिवारच्या रात्रीचे साडेनऊ झालेले असतात. घसा बसलेला असेल, पण उचलेल. नोव्हेंबरात इथली घड्याळं तासभर मागे जातात, तेव्हापासून नऊला लावा.

आता ‘टीव्हीवर नसलेल्या टीमला लोक बघायला का जातात’ हे. मलाही कळायचं नाही. मी इथे २००३ मध्ये आले, सेंट क्लाउडच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. त्याच नोव्हेंबरात लॅबमधली एक बाई म्हणाली, शनिवारी चल. मला वाटलं, कॉलेजचं गॅदरिंग असेल. अंगावर पुण्यात घेतलेला स्वेटर, पायात कॅनव्हासचे बूट. अ‍ॅल्युमिनियमच्या बाकावर बसले आणि दहा मिनिटांत कंबरेखालचं सगळं परकं झालं. पुढच्या रांगेतल्या अनोळखी बाईने मागे वळूनही न बघता आपल्या घोंगडीचं एक टोक माझ्या गुडघ्यांवर टाकलं. खेळातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. त्या दिवशी जॉनीजनी बेथेल कॉलेजला २९–२६ असं हरवलं आणि त्यांचे प्रशिक्षक जॉन गॅग्लियार्डी यांचा ४०९वा विजय झाला. एडी रॉबिन्सन या दुसऱ्या कॉलेजच्या प्रशिक्षकांचा ४०८ विजयांचा विक्रम मोडला म्हणून लोक रडत होते, आणि मी थंडीने.

या गॅग्लियार्डींबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण तिथली हवा त्यांनी बनवली. १९५३ ते २०१२, साठ हंगाम एकाच जागी, आणि आधीच्या कॉलेजातले धरून एकूण ४८९ विजय. कॉलेज फुटबॉलमध्ये एवढे दुसऱ्या कुणाचे नाहीत. पद्धत उफराटी. सरावात शिट्टी नाही, एकमेकांना पाडापाडी नाही, दीड तासाच्या वर सराव नाही, ‘कोच’ म्हणायचं नाही, नुसतं ‘जॉन’. आणि आलेल्या कुठल्याही पोराला ‘तू नको’ म्हणायचं नाही. वॉर्म-अपमध्ये पोरांनी गवतावर पाठ टेकून पडायचं आणि ‘काय छान दिवस आहे’ म्हणायचं, हाही एक व्यायाम. २०१८ मध्ये ते गेले.

कुणालाच नाही म्हणायचं नाही, म्हणजे टीममध्ये शंभराच्या वर पोरं. मैदानात एका वेळी अकरा. बाकीचे रेषेबाहेर हेल्मेट काखेत मारून उभे. आमच्या पुढे दोन रांगा सोडून एक आजोबा बसायचे, दुर्बीण घेऊन. चेंडू या टोकाला असला तरी त्यांची दुर्बीण त्या टोकाला. नातू तिथे उभा असायचा. तीन वर्षं त्यांनी नातवाला उभं राहताना पाहिलं. चौथ्या वर्षी, घरच्या मैदानावरच्या शेवटच्या सामन्यात, जॉनीज चाळीसेक गुणांनी पुढे असताना पोराला आत पाठवलं. आख्खा स्टँड उठून उभा राहिला, आणि आजोबा नेमके कॉफी आणायला गेलेले! परत आले तोवर चार डाव (इथे चेंडू एकदा खेळला की एक डाव) होऊन पोरगा बाहेर. मग काय विचारता, सगळ्या बाजूंनी लोक सांगायला लागले. पहिल्या डावात काय केलं, दुसऱ्यात कुणाला अडवलं, तिसऱ्यात पाय घसरला पण पडला नाही. चौथ्या डावाबद्दल तर दोघांत वादच लागला. आजोबा कॉफीचा कप हातात तसाच धरून, ज्याचं त्याचं ऐकत राहिले.

ताई, टीव्हीवरच्या सामन्यात आपण खेळाडूला ओळखतो. इथे खेळाडूही आपल्याला ओळखतो. कॉलेजात दोन हजार विद्यार्थीही नाहीत. जो पोरगा शनिवारी पडतो तो सोमवारी तुमच्या लेकाशेजारी लंगडत येऊन वर्गात बसतो. त्याच्यासाठी ओरडायचं नाही तर कुणासाठी?

एक मात्र लपवत नाही. सामन्याआधी पार्किंगमध्ये गाड्यांच्या डिक्या उघडून मागे शेगड्या मांडतात, त्याला टेलगेट म्हणतात. तिथे बिअर असते. इथे एकविसाच्या आत दारू पिणं बेकायदा आहे. तुमच्या मुलाला सरळ विचारा, आडून नको. रंगाची काळजी करू नका, तो साबणाने जातो. थंडीची करा. ऑक्टोबरच्या शेवटी उघडं उभं राहणं हा निव्वळ गाढवपणा आहे आणि हे त्याला माझ्या नावावर सांगितलंत तरी चालेल.

प्रश्न : मॅडम, तुम्ही आमच्या मंगळवार पेठेतल्या, असं कळलं. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा तालमींचे फुटबॉल संघ समोरासमोर आले की जी हवा तापते, तसलं काही तिकडं असतंय का? आणि एवढी माणसं येतात म्हटल्यावर कॉलेजला गेटवर बक्कळ पैसा सुटत असणार की!
– एक फुटबॉलवेडा, कोल्हापूर

दादा, कळलं ते खरं. पण पोरींनी स्टेडियमवर जायची आमच्या घरी पद्धत नव्हती. थोरला भाऊ सायकलवर टांग मारून जायचा आणि आम्ही गच्चीतून आरोळीवर गोल मोजायचो. त्यामुळे तुलना करायचा माझा अधिकार अर्धाच.

तापण्याबद्दल म्हणाल तर तापतं. इंडियानात वाबॅश आणि डीपॉ अशी दोन छोटी कॉलेजं आहेत, शेजारशेजारच्या गावांत. १८९० पासून एकमेकांशी खेळतात. १९३२ पासून जिंकणाऱ्याला रेल्वे इंजिनाची घंटा मिळते, वजन सुमारे ३०० पौंड. ती पळवायची म्हणून दोन्हीकडच्या पोरांनी आजवर काय काय उद्योग केलेत ते ऐकलं तर तुमची पेठ सभ्य वाटेल. आमच्याकडे सेंट जॉन्सची तशी खुन्नस सेंट थॉमसशी. सेंट थॉमस शहरातलं, मोठं, जांभळ्या कपड्यांचं. सेंट जॉन्स म्हणजे बेनेडिक्टाइन पंथाच्या ख्रिस्ती साधूंचा मठ, तळी आणि जंगल. काळ्या झग्यातले साधू सामन्याला येतात आणि पंचावर आपल्याइतकेच चिडतात. फक्त शब्द गिळतात.

सप्टेंबर २०१७ मध्ये या दोघांचा सामना मिनिआपोलिसला टार्गेट फील्डवर ठेवला. ते बेसबॉलचं मोठं मैदान. ३७,३५५ माणसं आली. इथे कॉलेजांच्या खेळाच्या तीन श्रेण्या आहेत, ही दोघं तेव्हा तिसऱ्या श्रेणीत होती. त्या श्रेणीच्या फुटबॉलला एवढी गर्दी कधीच झाली नव्हती. आम्ही गेलो होतो. सेंट थॉमसने २०–१७ ने मारलं. पण खरं सांगू, मला मजा नाही आली. जोतिबाची यात्रा उचलून मॉलमध्ये भरवल्यासारखं वाटलं. शेजारी कोण बसलंय ते माहीत नाही, पार्किंगमध्ये शेगडी नाही. पुढे २०१९ मध्ये ‘तुम्ही फार वरचढ झालात’ म्हणून इतर कॉलेजांनी सेंट थॉमसला आपल्या संघटनेतून बाहेर काढलं आणि २०२१ पासून ते थेट पहिल्या श्रेणीत गेले. आता जॉनीजना तसा वैरी उरला नाही. लोक येतात, जिंकतात, पण जाताना पहिल्यासारखे भांडत जात नाहीत.

आणि पैसा. तिथं तुमचा अंदाज साफ चुकला बघा. तिसऱ्या श्रेणीत खेळासाठी शिष्यवृत्ती देताच येत नाही, तसा नियमच आहे. म्हणजे मैदानातला आणि मैदानाबाहेर हेल्मेट घेऊन उभा असलेला, प्रत्येक जण एरवीच्या विद्यार्थ्यासारखा फी भरून आलेला. एखाद्या लहान कॉलेजात फुटबॉल आहे म्हणून शंभर पोरं आली, तर कॉलेजला शंभर जणांची फी मिळाली. गेटवरच्या पैशाचा त्यापुढे काय पाड? म्हणूनच इकडे बरीच लहान कॉलेजं फुटबॉल बंद करायच्या ऐवजी नव्याने सुरू करतात. स्टँड रिकामा असला तरी त्यांचं चालतं. आणि रिकामे स्टँड पुष्कळ आहेत. सेंट जॉन्स म्हणजे अपवाद, हे विसरू नका.

उलट उदाहरण माझ्याच गावात आहे. सेंट क्लाउड स्टेट हे सरकारी विद्यापीठ दुसऱ्या श्रेणीत खेळायचं. डिसेंबर २०१९ मध्ये त्यांनी फुटबॉल बंद केला. कारणं दिली ती पैशांचा ताळमेळ आणि मुला-मुलींच्या खेळांतला समतोल. तो समतोल इथे १९७२ पासून कायद्याने राखावा लागतो. बदल्यात मुलांचा सॉकर सुरू केला, म्हणजे आपला फुटबॉल. मी कोल्हापूरची, मला खरं तर पेढे वाटायला हवे होते. पण त्या पुढच्या सप्टेंबरात शनिवारी दुपारी विद्यापीठावरून गाडी नेली आणि बँड ऐकू आला नाही, तेव्हा चुकल्यासारखं झालं. नवरा म्हणाला, वर्षातून एकदाही जात नव्हतीस. खरंय, जात नव्हते.

प्रश्न : आम्ही दोघं ऑक्टोबरात लेकीकडे मिनेसोटाला येतोय. जावयांनी अशाच एका कॉलेज सामन्याची तिकिटं काढली आहेत. नियम कळत नाहीत, यांना थंडी सोसत नाही, आणि चार तास बसायचं म्हणे. जावं का?
– एक वाचक, चिपळूण

जा. नियम एवढेच : चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं, गेलात तर पुन्हा चार मिळतात, नाहीतर चेंडू समोरच्याचा. लाथ क्वचितच मारतात, तरी फुटबॉलच म्हणतात, त्यावर जावयांशी वाद घालू नका. खेळ सारखा थांबतो, तरी चार नव्हे, तीन तास धरा. मध्यंतराला उठून आलात तरी कुणी काही म्हणत नाही.

बाकावर खाली घालायला जाडसर गादीचा तुकडा न्या, स्वेटरपेक्षा तो महत्त्वाचा. पायमोज्यांच्या दोन जोड्या, कानटोपी, हातात धरायच्या गरम पुड्या लेकीकडे असतील. खायला घरचं न्या. मी बटाटेवडे नेते, फॉइलमध्ये गुंडाळून थर्मासच्या डब्यात, आणि पावाऐवजी मठात भाजलेला तपकिरी ब्रेड. कडेला सुकं खोबरं-लसणाची चटणी. पहिल्या वर्षी दहा नेले होते, शेजारच्या तंबूतल्या एका खेळाडूच्या आईने चटणी ‘थोडी’ म्हणून घेतली आणि नंतर डबाच परत आला नाही. आता पन्नास नेते. तुम्ही तीस न्या, पहिलीच वेळ आहे.