'त्रीनक्रिया'मधला 'न' कुठून आला?

प्रश्न असा होता : होमरच्या 'ओडिसी' या ग्रीक महाकाव्यात सूर्यदेवाच्या गुरांचं बेट 'थ्रीनकिए' आहे, रोमन कवी व्हर्जिलच्या 'इनीड' या लॅटिन महाकाव्यात इटलीजवळच्या सिसिली बेटाला 'त्रीनक्रिया' म्हटलंय. नाव एकच का, आणि त्यातला 'त्रि' म्हणजे आपलाच 'त्रि' का?

दुसरं नाव पहिल्यावरून घडवलेलं आहे. घडवताना जिथं जोड दिला, ती जागा अजून दिसते, म्हणून मला हा शब्द फार आवडतो.

'त्रीनक्रिया' म्हणजे तीन भूशिरांचं बेट, असा अर्थ ग्रीक लोक लावत. सिसिली तिकोनी आहेच. ईशान्येला पेलोरस, आग्नेयेला पकिनस आणि पश्चिमेला लिलिबेअम ही तिची तीन टोकं. ग्रीक 'अक्र' म्हणजे टोक. संस्कृत 'अश्रि' (धार, कोन) हा त्याच कुळातला. ऋग्वेदात 'त्रिरश्रि' आणि 'चतुरश्रि' असे शब्द येतात, आणि 'चतुरस्र' झिजून झालेला 'चौरस' तर आपल्या रोजच्या तोंडी आहे. तेव्हा अर्थापुरतं बोलायचं तर हो, हा आपलाच 'त्रि'.

पण मग 'न' कुठून आला? 'त्रि' आणि 'अक्र' जोडले तर 'त्रिअक्रिया'सारखं काहीतरी व्हायला हवं. शिवाय ग्रीक समासातला 'त्रि' ऱ्हस्व असतो, इथं तो दीर्घ आहे. हा 'न' आणि ही दीर्घ 'ई' दोन्ही होमरच्या 'थ्रीनकिए'त आयते आहेत. जुन्या नावाचा अर्थ लागेना, तेव्हा 'थ'चा 'त' झाला, मध्ये एक 'र' घुसला आणि नाव बोलू लागलं. लोकव्युत्पत्ती, म्हणजे न कळणाऱ्या शब्दाला ओळखीचं रूप देणं, अशीच चालते. मूळ नावाचा संबंध सहसा 'थ्रीनक्स'शी जोडतात. ते खळ्यावरचं अवजार, तीन दात्यांचं, मळलेलं धान्य वाऱ्यावर उधळायचं.

होमरला हे बेट म्हणजे सिसिली वाटत होतं का? मला तरी तसं वाटत नाही. त्याच्या बेटावर गुरांचे सात कळप आणि मेंढरांचे सात, प्रत्येकात पन्नास; ती ना वितात, ना मरतात. काव्याचा नायक ओडिसिअस, त्याचे भुकेले सोबती गाई कापतात, तेव्हा सोललेली कातडी सरपटू लागतात आणि सळ्यांवरचं मांस, कच्चं आणि भाजलेलं, हंबरू लागतं. हे नकाशावरचं ठिकाण नव्हे. उलट त्याच काव्याच्या 24व्या सर्गात 'सिकानिए' हे सिसिलीचं जुनं नाव वेगळं येतं, आणि ओडिसिअसचा म्हातारा बाप लाएर्तेस याची देखभाल करणारी बाईही 'सिकेल', म्हणजे सिसिलीच्या लोकांपैकी आहे. पुढे इ. स. पू. पाचव्या शतकात ग्रीक इतिहासकार थुसिडिडीस मात्र सरळ लिहितो, की सिसिलीला आधी त्रीनक्रिया म्हणत, मग सिकानिया. तोवर लोकांच्या समजुतीत दोन्ही बेटं एक झाली होती.

व्हर्जिलला हे नाव सोयीचं का पडलं, ते वृत्तात दिसतं. त्याच्या षट्पदी वृत्तात (हेक्झामीटर, ओळीत सहा गण) प्रत्येक गण एक गुरू-दोन लघू किंवा दोन गुरू असा असतो; सलग तीन लघू बसतच नाहीत. 'सिसिलिया'त (लॅटिन उच्चार 'सिकिलिअ') चारही अक्षरं लघू. 'त्रीनक्रिअ' मात्र गुरू, गुरू, लघू, लघू. जोडाक्षरामुळे आधीचा 'न' गुरू होतो, अगदी आपल्या छंदशास्त्रातल्यासारखा. 'इनीड'च्या तिसऱ्या सर्गात ट्रोजन लोकांना दूर समुद्रातून वर आलेला 'त्रीनक्रिअ एट्ना' (सिसिलीतला ज्वालामुखी) दिसतो, तिथं म्हणूनच हा शब्द चपखल बसला आहे.

मराठीत लिहिताना 'ओडिसी'साठी 'थ्रीनकिए'च ठेवावं, तिथं 'सिसिली' घालू नये. 'इनीड'मध्ये 'त्रीनक्रिया' लिहून पहिल्या वेळी 'म्हणजे सिसिली' असं सांगितलं की पुरे.