त्रैक्य: पाणी-बर्फ-वाफेचा दाखला कुठे फसतो?

प्रश्न: त्रैक्य, म्हणजे देव एक आणि व्यक्ती तीन, हे मुलांना समजावताना पाणी, बर्फ आणि वाफेचा दाखला दिला तर चालेल का?

नको. तेच पाणी आधी बर्फ असतं, मग वाफ होतं. म्हणजे एकच देव कधी पिता, कधी पुत्र, कधी पवित्र आत्मा असं सोंग पालटतो, असा अर्थ मुलांच्या मनात बसतो. तिसऱ्या शतकातला शिक्षक सबेल्लियस याच्या नावाने ओळखली जाणारी ही शिकवण ख्रिस्ती मंडळीने फार पूर्वीच नाकारली. येशूच्या बाप्तिस्म्याचा प्रसंग पाहा: पुत्र पाण्यातून वर येतो, आत्मा कबुतरासारखा उतरतो आणि वाणी आकाशातून येते. तिघे एकाच वेळी हजर आहेत. शिवाय गेथशेमाने बागेत येशू प्रार्थना करत होता ती काय स्वतःलाच?

कुठलाही दाखला द्यायच्या आधी ही सात वाक्यं कागदावर लिहा. पिता देव आहे, पुत्र देव आहे, पवित्र आत्मा देव आहे. पिता पुत्र नव्हे, पुत्र आत्मा नव्हे, आत्मा पिता नव्हे. आणि सातवं, देव एकच आहे. पाण्याच्या दाखल्यात मधली तीन वाक्यं मोडतात. अंड्याचं कवच, पांढरा आणि बलक घेतलात तर पहिली तीन जातात, कारण नुसतं कवच म्हणजे अंडं नव्हे. पुत्र मात्र देवाचा तिसरा हिस्सा नाही. तीन भावांच्या दाखल्यात सातवं वाक्य गळतं. सातही सांभाळणारा दाखला मिळत नाही, तेव्हा दाखला दिलात तर तो कुठे तुटतो तेही लगेच सांगा.

गोंधळात भर घालतो तो ‘व्यक्ती’ हा शब्द. मराठीत व्यक्ती म्हटलं की वेगळं शरीर, वेगळं मन असलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. चौथ्या शतकात कप्पदुकियाचे धर्मशिक्षक बासिल आणि दोघे ग्रेगरी यांनी ‘हिपोस्टासिस’ (ज्याला आपण व्यक्ती म्हणतो) आणि ‘ऊसिया’ (म्हणजे सत्त्व) हे ग्रीक शब्द नीट वेगळे केले. सोपं करून सांगायचं तर ‘काय आहे?’ याचं उत्तर एक, ‘कोण आहे?’ याची उत्तरं तीन. ‘एक देव आणि तीन देव’ असं म्हटलं असतं तर तो सरळ विरोधाभास झाला असता.

प्रश्न: ‘त्रैक्य’ हा शब्द पवित्र शास्त्रात नाही. मग ३२५ साली निकेयाच्या धर्माध्यक्षांच्या परिषदेने ही शिकवण नव्याने आणली का?

शब्द नाही, हे खरं. पण ‘त्रिनितास’ हा लॅटिन शब्द ख्रिस्ती लेखक तर्तुल्लियनने निकेयाच्या सुमारे शंभर वर्षं आधी वापरला होता. निकेयातला वाद आरियस या धर्मगुरूशी होता. पुत्र निर्माण केलेला आहे, असं तो शिकवत असे. परिषदेने त्यावर आपल्या विश्वासांगीकारात (विश्वासाच्या जाहीर कबुलीत) ‘होमोऊसिओस’, म्हणजे पित्याशी एकसत्त्व, हा शब्द ठेवला. पवित्र आत्म्याविषयी तिथे जेमतेम एक ओळ आहे. ‘प्रभू आणि जीवनदाता’ हा विस्तार ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेचा मानला जातो.

शास्त्रातला आधार दाखवायचा तर मत्तय २८:१९ उघडा. पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या ‘नावाने’ बाप्तिस्मा द्या, असं तिथे आहे, ‘नावांनी’ नाही. मूळ ग्रीकमध्येही एकवचनच आहे. १ योहान ५:७ मधलं स्वर्गातल्या तीन साक्षीदारांचं वाक्य मात्र पुढे करू नका. ते जुन्या ग्रीक हस्तलिखितांत नाही. विद्वान इरॅस्मसने ग्रीक नव्या कराराच्या आपल्या १५१६ आणि १५१९ च्या आवृत्त्यांत ते घेतलं नव्हतं, १५२२ मध्ये घातलं.

प्रश्न: ‘पिता माझ्यापेक्षा थोर आहे’ (योहान १४:२८). मग पुत्र पित्याच्या बरोबरीचा कसा?

याची दोन जुनी उत्तरं आहेत. काहींच्या मते येशू इथे मनुष्य म्हणून बोलतो आहे; काहींच्या मते पिता उगम आहे, म्हणून थोर. दोन्हींत पुत्राचं सत्त्व कमी ठरत नाही. सुताराने केलेलं टेबल सुतार नसतं, पण त्याला झालेलं मूल माणूसच असतं. विश्वासांगीकारातल्या ‘जन्मलेला, निर्माण केलेला नव्हे’ याचा अर्थ हाच. हाही दाखला एका पायाने लंगडा आहेच, कारण बाप मुलाच्या आधी असतो. इथे ‘आधी’ला जागाच नाही, आणि म्हणूनच विश्वासांगीकारात ‘सर्व युगांच्या आधी’ पित्यापासून जन्मलेला असं म्हटलं आहे.