पाचट ठेवलं, पण खोडवा पिवळा पडला

प्रश्न : ऊस तुटल्यावर यंदा पाचट (उसाची वाळलेली पानं) पेटवलं नाही, रानातच पसरलं. दोन महिने झाले तरी कुजलेलं नाही, वर खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेला ऊस) पिवळा दिसतोय. काय चुकलं?

उत्तर : पेटवलं नाहीत हे उत्तम केलंत. चूक नत्राची आहे. पाचटात कर्ब भरपूर, नत्र मात्र जेमतेम अर्धा टक्का. कुजवणाऱ्या जिवाणूंना वाढायला नत्र लागतं. पाचटात भागत नाही म्हणून ते जमिनीतलं उचलतात आणि ऊस उपाशी राहतो. जिवाणू मेले की ते नत्र परत मिळतं, पण तोवर फुटव्यांचे (नवे कोंब फुटण्याचे) दिवस निघून जातात.

म्हणून तोडणी झाल्याबरोबर बुडख्यांवरचं पाचट सरीत ओढायचं, बुडखे जमिनीलगत छाटायचे आणि पाचटावर एकरी 32 किलो युरिया, 40 किलो सिंगल सुपर फॉस्फेट टाकायचं. 4 किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक शेणखतात मिसळून वेगळं विस्कटायचं; युरियात कालवू नका, जिवाणू मरतात. मग पाणी. हा युरिया पाचटाचा, खोडव्याच्या खतातून तो वजा करू नका. नेमकी इथेच बहुतेकांची काटकसर नडते.

आता सरीतलं पाचट मूठभर उचलून पाहा. मातीला टेकलेली पानं काळपट, त्यावर पांढरी बुरशीची जाळी आणि वरची पानं कुरकुरीत असतील, तर कुजण्याची सुरुवात झालीय, ओल कमी पडतेय. पाचट पायाने दाबून मातीला टेकवा, पाणी द्या. सगळंच कोरडं असेल तर वरचा युरिया-सुपर-संवर्धकाचा डोस आताही चालेल. पिवळ्या खोडव्याला मात्र नत्र पाचटावर फेकून पोचणार नाही. बुडख्यापासून वीतभर अंतरावर पहारीने तेवढंच खोल भोक घेऊन खत घाला, भोक मातीने बुजवा. बुडख्यावर पाचट राहिलं असेल तर आजच काढा, त्याखालचे कोंब पांढरे, लांबट होऊन मरतात.

प्रश्न : कपाशीच्या पऱ्हाट्या (वेचणीनंतर उरलेली झाडं) बांधावर रचून ठेवल्या तर चालतील का?

उत्तर : नको. पऱ्हाट्यांवर राहिलेल्या न उमललेल्या बोंडांत शेंदरी बोंडअळी सुप्तावस्थेत राहते आणि पुढच्या हंगामात तुमच्याच कपाशीवर येते. वेचणी संपताच पऱ्हाट्या उपटून श्रेडरने बारीक करा. हा भुगा लाकडासारखा चिवट, तो थेट पेरणीच्या रानात गाडलात तर पिवळेपणाचं वरचंच दुखणं येईल. शेणकाल्यात (पाण्यात कालवलेल्या शेणात) भिजवून ढीग घाला, तीन-चार आठवड्यांनी पलटत राहा. ढिगातला भुगा मुठीत दाबल्यावर थेंब-दोन थेंब पाणी सुटलं की ओल बरोबर.