आधी कुप्या वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि माझंच जुनं दुखणं समोर आलं. गावातल्या ज्वारी-अंबाडी खाणाऱ्या माणसांच्या विष्ठेतून तुम्ही ऑक्सिजन न सोसणारा जिवाणू वेगळा केलात, १६एसची, म्हणजे जिवाणू ओळखायला वाचतात त्या जनुकाची, सगळ्यात जवळच्या ज्ञात जिवाणूशी जुळणी ९६.८ टक्के आली, आणि नवीन स्पीशीज (प्रजाती) म्हणून पेपर लिहायला घेऊ का असं विचारताय. एवढ्यात नका घेऊ.

१६एस जवळजवळ पूर्ण, म्हणजे १,५०० बेसच्या (डीएनएच्या अक्षरांच्या) आसपास वाचलंय असं धरतो. ७०० बेसच्या जोरावर नवीन स्पीशीज म्हणू नये, हे माझं ठाम मत. ९८.७ च्या खाली जुळणी म्हणजे शक्यता दाट, पण निकाल जीनोमवरच, म्हणजे जिवाणूच्या संपूर्ण डीएनएवरच लागतो. जवळच्या स्पीशीजच्या जीनोमशी साम्य मोजायची दोन मापं आहेत: एएनआय ९५-९६ टक्क्यांच्या खाली हवं, डिजिटल डीडीएच ७० टक्क्यांच्या खाली. हे तुम्हाला ठाऊक असेलच.

मलाही असाच एक जिवाणू सापडला होता, पण मला यातलं काहीच नडलं नाही. नावाला रीतसर मान्यता हवी तर जिवंत टाइप स्ट्रेन, म्हणजे त्या नावाचा अधिकृत नमुना, दोन वेगवेगळ्या देशांतल्या जिवाणू-संग्रहांत जमा व्हावा लागतो. मी तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात होतो. पाठवणीसाठी एका कार्यालयाचं पत्र लागत होतं. नाव घेत नाही. सात महिने फाइल तिथेच पडून. कधी साहेब दौऱ्यावर, कधी अर्ज जुन्या नमुन्यात. दर खेपेला एसटीने अख्खा दिवस जायचा, आणि सगळ्या त्रुटी एकदाच लिहून द्यायची तसदी कोणी घेतली नाही. त्याचा राग अजून गेलेला नाही.

पण खरी चूक माझी. त्या जिवाणूच्या दहाच्या दहा कुप्या मी एकाच डीप फ्रीझरमध्ये ठेवल्या होत्या. मे महिन्यात वादळात लाइन गेली, ती तिसऱ्या दिवशी आली. नंतर एकाही कुपीतून काही उगवलं नाही. ज्या आजोबांचा नमुना होता त्यांच्याकडे परत गेलो, तर मधल्या काळात तापासाठी त्यांचा अँटिबायोटिकचा कोर्स झालेला. तो जिवाणू पुन्हा सापडलाच नाही. जीनोम वाचून घेणंही ‘पत्र आलं की करू’ म्हणून राहिलेलं. २०२२ पासून सेक्वकोड या नामकरणाच्या नियमावलीखाली नुसत्या जीनोमवरूनही नाव नोंदवता येतं, पण जीनोमच नाही तर नोंदवणार काय?

म्हणून आधी डीएनए काढून जीनोमला पाठवा. ग्लिसरॉलमध्ये गोठवलेल्या कुप्या निदान दोन गावांत ठेवा. नागपुरात ओळखीची लॅब असेल तर फारच उत्तम. जमलं तर लायोफिलाइज करून, म्हणजे गोठवून सुकवून घ्या. आपल्याकडे जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी द्रव नायट्रोजन तालुक्यापर्यंत येतो. कॉलेजने स्वतःचा छोटा कंटेनर घेतला आणि वेळेवर भरून घेतला, तर आपल्या विजेपेक्षा माझा त्यावर जास्त भरवसा आहे. रेतनाच्या कंटेनरमध्ये मात्र आपल्या कुप्या कधीच ठेवू नका.

आणखी एक. दर वेळी कल्चर लावलेली एक प्लेट झाकण न काढता साध्या हवेत वाढायला ठेवत जा. तिच्यावर काही उगवलं तर कल्चर शुद्ध नाही. रेझाझुरिन (ऑक्सिजन दाखवणारा रंग) घातलेलं माध्यम गुलाबी झालं तर ऑक्सिजन शिरलाय, ते वापरू नका.

परदेशी पाठवणीला जैवविविधता कायदा २००२ लागू होतो का, हे लेखी विचारून घ्या. मी कायद्याचा जाणकार नाही, आणि नियम बदलत असतात. हे आपल्याकडून होत नाही असं कोणी म्हणालं तर मनावर घेऊ नका. पुण्याच्या संशोधकांनी २०१४ मध्ये माणसाच्या विष्ठेतूनच मेगास्फेरा इंडिका ही ऑक्सिजन न सोसणाऱ्या जिवाणूची नवीन स्पीशीज मांडली.

सध्या कुप्या किती आहेत आणि कुठे ठेवल्यात, तेवढं आधी कळवा.