लिनक्स कर्नलमध्ये एकाच आर्किटेक्चरपुरत्या (प्रोसेसरच्या एकाच जातीपुरत्या) सिस्टिम कॉल हँडलरचा, म्हणजे प्रोग्रामने कर्नलकडे केलेली मागणी पुरी करणाऱ्या फंक्शनचा, प्रोटोटाइप (नाव-आर्ग्युमेंटची घोषणा) कुठे लिहायचा?

त्या आर्किटेक्चरच्या स्वतःच्या 'एएसएम/सिसकॉल्स.एच' या हेडरमध्ये. डॉट-सी फाइलच्या डोक्यावर तर मुळीच नको. बडोद्यात प्रॅक्टिकलला मुलं हमखास तिथेच चिकटवतात आणि प्रोटोटाइप नसल्याची वॉर्निंग गेली म्हणून खूश होतात. हँडलर एका फाइलमध्ये, सिसकॉल टेबल (कोणत्या सिस्टिम कॉलला कोणता हँडलर, याची यादी) दुसऱ्या फाइलमध्ये. हेडर दोन्हीकडे घेतलं नाही, तर उद्या आर्ग्युमेंट बदलल्यावर कंपायलर चकार शब्द काढणार नाही. 'लिनक्स/सिसकॉल्स.एच' सगळ्यांचं सामाईक, तिथे घरचं सामान ठेवू नये. एम-मॅप आणि आरटी-सिगरिटर्न या सिस्टिम कॉल्सची घोषणा 'एएसएम-जेनेरिक'च्या हेडरमध्ये आयती मिळते. मात्र ६४-बिट एक्स८६ वर कर्नल ४.१७ (२०१८) पासून हँडलरला रजिस्टरांच्या (प्रोसेसरमधल्या छोट्या साठ्यांच्या) स्ट्रक्चरचा एकच पॉइंटर मिळतो; तिथे प्रोटोटाइप हाताने लिहू नका, हँडलरची घोषणा आपोआप तयार करणाऱ्या सिसकॉल-डिफाइन मॅक्रोवर सोडा.